देसांकाआत्याच्या मोज्यांची कीर्ती

निश, विद्यार्थी वसतिगृह,
रेडिएटरजवळची खाट,
नोव्हेंबर अखेर

तीर्थस्वरूप देसांकाआत्यास,

तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून वुकाशिनचा नमस्कार. इकडील सर्व क्षेम, असं पहिल्या ओळीत लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. त्यावर फार विचार करत बसू नकोस. तिकडचं मात्र खरं कळव. तुझी छाती कशी आहे? जिना चढताना मध्येच थांबून 'दम नाही लागला, मी जरा खिडकीबाहेर बघत होते' असं अजून म्हणतेस का? (त्या जिन्याला खिडकी नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.) बकरीने यंदा कुणाकुणाचा कोबी खाल्ला? धुराडं साफ करायला कुणी आलं का, की तूच शिडी लावलीस? लावली असशील तर कळवू नकोस.

फोन सोडून हा पोरगा पत्र का लिहितोय, असं तुझ्या मनात येईलच. माझा फोन मेसमधल्या घेवड्याच्या रश्शात पडला. रस्सा इतका पातळ होता की फोन थेट तळाला गेला. तुझ्या हातचा असता तर वरच तरंगला असता. म्हणून पत्र. ते बसवाल्या रादोमिरकाकांच्या हाती देतोय. ते आपल्या घराशी गाडी थांबवून हॉर्न वाजवतील, तेव्हा डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर धावू नकोस. तुझे सारण भरलेले रोट आणि मिरचीच्या आयवार चटणीच्या बरण्या दर आठवड्याला इकडे आणून आणून काकांना आता वासावरून कळतं की आत पालक आहे की भोपळा. मागच्या वेळी एक तुकडा कमी होता. त्यांच्यावर आळ घेत नाही, पण मिशीला चुरा होता.

आता वाईट बातमी आधी सांगून टाकतो. या शनिवारी मी येत नाही. लाकडं रचायला येतो म्हणालो होतो, तूही शेजारच्यांना सांगून ठेवलं असशील की माझा मुलगा येणार आहे. (तू मला 'माझा मुलगा' म्हणतेस हे व्हिएन्नात आईला कळतं, आणि तिला बरंच वाटतं असं तिने मला एकदा सांगितलं.) पण अचानक थर्मोडायनॅमिक्सची परीक्षा लागली. प्राध्यापक कडक आहेत. त्यांना लाकडं रचायची आहेत असं सांगून चालत नाही.

यावंसं फार वाटतंय, आत्या. या वसतिगृहात सगळं आहे. गरम पाणी आहे, इंटरनेट आहे, खाली चोवीस तास कॉफी देणारं मशीन आहे. पण इथे मला कुणी ओरडत नाही. मी ओलं डोकं घेऊन बाहेर जातो, कुणी काही बोलत नाही. दगडी पायरीवर बसतो, कुणी येऊन बुडाखाली उशी सरकवत नाही. दार उघडं, समोरची खिडकी उघडी, मधून वारा नुसता सुसाट, आणि त्या वाऱ्यात दहा-दहा पोरं बिनधास्त पत्ते खेळतात. आपल्याकडे एवढ्यावर दोन बायकांनी आरडाओरडा केला असता आणि तिसरी शाल घेऊन धावली असती. मी लहानपणी तुझ्या या वाऱ्याच्या धास्तीला किती हसायचो! आता कुठे वारा लागला की मान वळवून बघतो, तू येतेयस का. कुणी येत नाही. मग पत्ते वाटून घेतो.

तर मूळ मुद्दा. मुद्दा तुला थोडा ठाऊक आहेच, पण तो तुला टीव्हीने सांगितलाय, आणि टीव्हीने सांगितलेलं म्हणजे अर्धी भाकरी. उरलेली अर्धी मी देतो.

माझ्या खोलीत दामियान म्हणून मुलगा आहे, व्रान्येचा. मनाने सोनं, पण त्याला स्वतःचं मत नाही; त्याचं मत त्याच्या फोनमध्ये असतं. फ्लूची लस आली तेव्हा सकाळी उठून त्याने एक व्हिडिओ बघितला, त्यात पांढरा कोट घातलेल्या बाई म्हणाल्या लस घ्या. दामियान म्हणाला, घेतो. न्याहारीला एक दंड फुगवलेला पैलवान दिसला, तो म्हणाला माझ्या अंगात फ्लू शिरायला घाबरतो, कारण मी अमुक पावडर खातो, खाली लिंक आहे. दामियान म्हणाला, पावडर घेतो. दुपारी सकाळच्या कार्यक्रमाची पुनरावृत्ती लागली. त्यात एका सोफ्यावर डॉक्टर, मधल्यावर ज्योतिषीणबाई आणि तिसऱ्यावर भरली मिरची करणारा आचारी बसला होता. डॉक्टर म्हणाले उशीर करू नका, ज्योतिषीणबाई म्हणाल्या कुंभ राशीने बुध सरळ होईस्तोवर थांबावं. वेळ संपत आली म्हणून शेवटचा शब्द आचाऱ्याला मिळाला आणि तो म्हणाला, लसूण. दामियान कुंभेचा आहे. त्याने लसूण आणला. रात्री वर्गातल्या एका देखण्या मुलीने दंडावर चिकटपट्टी लावलेला फोटो टाकला, त्याबरोबर दामियान म्हणाला, 'वुकाशिन, उद्या सकाळी लस. मी तर पहिल्यापासून लसीच्याच बाजूचा आहे.' म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विद्यार्थी दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलो. लसणाचा वास येत होता म्हणून जागा ऐसपैस मिळाली.

(मला नावं ठेवायला जागा नाही हे पुढे कळेलच. दामियानला हसताना मी आरशासमोर उभा होतो, एवढंच.)

रांगेत असताना लाल टोपी घातलेली एक मुलगी माईक घेऊन आली. मागे कॅमेरा. इथल्या स्थानिक वाहिनीची. म्हणाली, तुम्ही लस का घेताय? आता आत्या, मुलगी हसरी होती आणि माझ्यामागे सगळी रांग कान देऊन होती. अशा वेळी साधं उत्तर देणं माणसाच्या जिवावर येतं. मी म्हणालो, आमच्याकडे तापावर एकच औषध, देसांकाआत्याचे राकियाच्या दारूत भिजवलेले लोकरीचे मोजे. पाय आत घातले की ताप खिडकीतून पळतो. आमच्या आत्याचे मोजे म्हणजे दहा लशी! सगळे हसले. मग मी म्हणालो, आणि हे नीट ऐक, मी म्हणालो: 'पण हीच आत्या दर वर्षी सगळ्या गावाच्या आधी दवाखान्यात जाऊन बाही वर करते, आणि मग घरी येऊन मोजे भिजवते. म्हणून मीही रांगेत आहे.'

हे दुसरं वाक्य संध्याकाळच्या बातम्यांत आलं नाही. पहिलं आलं. शिवाय मागे वाजंत्री लावली होती आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'आत्याचे मोजे म्हणजे दहा लशी'. दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा फोनाफोनांतून फिरायला लागला. पोरांनी त्याला चित्रं जोडली: मी नाचतोय, मी अंतराळात आहे, माझ्या डोक्यावर मोजा आहे. कॅन्टीनमधल्या बाईने मला सूप जास्त वाढलं. प्राध्यापकांनी हजेरी घेताना माझ्या नावावर थांबून पायांकडे बघितलं. आणि वसतिगृहात, आत्या, खरोखर मोजे भिजायला लागले! प्रत्येक रेडिएटरवर मोजे. जिन्यात वास असा की रखवालदारीणबाईंनी छापा घातला, पोरं पितात असा संशय म्हणून. पोरं पीतच होती. बाटलीतून मोज्यांच्या वाट्याला घोट, आणि उरलेली पायांच्या मालकाच्या वाट्याला. जे पोरगे लशीच्या रांगेत यायचे ठरवून होते ते म्हणाले, थांबू या, मोजे बघू या. कुणी डॉक्टरांना काही विचारलं नाही. मला विचारलं. मला, ज्याला साधा गुडघा खरचटला तरी तू फुंकर घालायचीस!

आता तू म्हणशील, तू तर रांगेत होतास ना, तुझी लस झाली असेल. नाही झाली. मुलाखत झाल्यावर रांगेतल्या पोरांनी पाठ थोपटली, एकाने कॉफी पाजायचं म्हटलं, दामियान म्हणाला उद्या येऊ, आणि आम्ही गेलो. मग उद्या मी प्रसिद्ध झालो. यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग असा, की ते वाक्य कसं कापलंय हे जगात मला एकट्याला नीट माहीत होतं. बोलणारा मी, कापलं गेलेलं माझंच. तरीही ते दहा-वीस वेळा बघितल्यावर, आणि खाली लोकांनी 'शाब्बास, खरं बोललास' असं लिहिलेलं वाचल्यावर, मला वाटायला लागलं की असेलही. आपले मोजे आहेतच तसे. मी स्वतःच्याच थापेला बळी पडलो, आणि ती थापही पूर्ण माझी नव्हती.

पुढे एकेक जण खोकायला लागला तेव्हा मला जाग आली. मी वाहिनीच्या कचेरीत गेलो आणि म्हणालो, माझं दुसरं वाक्य दाखवा. तिथले साहेब फार गोड बोलले. म्हणाले, 'पोरा, दुसरं वाक्य कोण बघतं? तू असं कर, आत्यालाच घेऊन ये. सकाळच्या कार्यक्रमात मधल्या सोफ्यावर बसवू. मोजे सोबत आणायला सांग.' मी तुला ज्योतिषीणबाईंच्या सोफ्यावर बसवणार नाही, असं सांगून बाहेर पडलो. मग मी स्वतःच फोनवर व्हिडिओ करून खरं काय ते बोलून टाकलं. ते एकट्या दामियानने बघितलं, आणि तोही मध्येच झोपला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग आपल्या गावच्या दवाखान्यातल्या रुझित्साबाईंचा फोन आला. (तेव्हा माझा फोन रश्शात पडायचा होता.) त्यांचा आवाज तुला माहीत आहे, त्या गावात नर्स म्हणून आल्यापासून दवाखान्याला घंटा लागली नाही. म्हणाल्या, 'काय रे टीव्हीवरच्या शहाण्या! तुझी आत्या दर वर्षी मी कुलूप उघडायच्या आत दारात बाही वर करून उभी असते. यंदा आली नाही म्हणून मी घरी गेले. तर म्हणते कशी, नको गं रुझित्सा, पोराने सगळ्या देशासमोर माझ्या मोज्यांबद्दल शब्द टाकलाय. आता मी जाऊन सुई टोचून घेतली, तर माझं पोर खोटं पडेल. लोक म्हणतील, आत्यालाच भरवसा नाही. आता बोल, काय करू मी हिचं?' त्या पुढे म्हणाल्या, 'तिच्या नावची एक लस मी फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवलीय. शुक्रवारी गाडी येऊन उरलेल्या घेऊन जाईल. अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, आणि संत निकोलाच्या सणाला जेमतेम तीन उरलेत. ती माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल.'

मी लगेच तुला फोन केला होता, आठवतं? पण तू फोनवर ओरडून बोलतेस आणि पटकन ठेवतेस, बिल येईल म्हणून. मी म्हणालो, आत्या, ती लस घे. तू म्हणालीस, 'कळलं रे, तुला बोलायला लावलंय कुणीतरी. तू घाबरू नकोस, आत्या तुझ्या बाजूने आहे,' आणि ठेवलास. आत्या, माझ्या बाजूने अशी तू कायमच आहेस. शाळेत मी काच फोडली तेव्हा तू मास्तरांना म्हणाली होतीस की काचच पातळ होती. पण या वेळी माझी बाजू तिकडे आहे, सुईच्या.

दोन वर्षांपूर्वीचा सण विसरलीस का? मी विसरलो नाही. निकोलाच्या सणाला कुणाला बोलवायचं नसतं, जो येईल तो पाहुणा, आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नसतं. म्हणजे अख्खं गाव येतं. आणि प्रत्येक जण तीनदा गाल लावतो. खोकणारा, शिंकणारा, नाक ओढणारा, सगळे तीनदा. तू एकाला चुकवत नाहीस, उलट लाजून कोपऱ्यात राहिलेल्याला ओढून आणतेस. त्यानंतर तुझ्या छातीत जे बसलं, ते घेऊन आपण शहरातल्या इस्पितळात गेलो. मी पडद्याबाहेर बाकावर बसलो होतो आणि तुझा श्वास ऐकत होतो. एक आला की पुढचा येईपर्यंत मी माझा धरून ठेवायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू बरी होऊन बाहेर आलीस आणि पहिलं वाक्य काय, तर 'इथे कुणी खिडकी उघडी ठेवलीय?' मी इतका हसलो की सिस्टरने बाहेर काढलं.

बाबांना व्हिएन्नात रजा मिळत नाही, आईलाही नाही. सणाची भाकरी हातात धरून गोल फिरवायची, वर वाइन ओतायची, आणि मग दोघांनी मिळून तोडायची, हे काम आपल्या घरात कितीतरी वर्षं तू आणि मी करतो. तू तुझ्या बाजूचा तुकडा मुद्दाम लहान येईल असा तोडतेस, तेही मला माहीत आहे. ती भाकरी एकट्याने फिरवता येत नाही, आत्या. दोन माणसं लागतात.

असो. लांबलं. बाकी विशेष काही नाही. थंडी बरी आहे. बकरीला माझा नमस्कार सांग. थोरांना नमस्कार, लहानांना गालगुच्चा, आणि तुला जे सांगायचं ते सांगून झालं असं समजतो.

तुझा,
वुकाशिन

ता.क. आयवारच्या रिकाम्या बरण्या याच बसने परत पाठवतोय. एक फुटली. काच पातळ होती.

ता.क. दुसरा. सांगून झालं नाही. मी मोघम लिहिलं, आणि मोघम लिहिलं की तू सोयीचं तेवढं वाचतेस, हे आपल्या घराण्यात आहे. तर उघड लिहितो. शुक्रवारच्या आत जाऊन ती लस टोचून घे. सगळ्या गावासमोर घे, दिवसाढवळ्या घे, रुझित्साबाईंना दार सताड उघडं ठेवायला सांग, म्हणजे सगळ्यांना दिसेल (समोरची खिडकी मात्र बंद). मला खोटं पाड. लोक हसले तर हसू देत. लोक माझ्यावर या महिन्यात इतके हसलेत की आणखी चार जणांनी काही बिघडत नाही. मी खोटा आणि तू चांगली, हा सौदा मला चालतो. उलटा चालत नाही.

ता.क. तिसरा. परीक्षा वगैरे काही नाही. फोनही रश्शात पडला नाही, इथे उशाशी आहे. मला फ्लू झालाय. घाबरू नकोस, डॉक्टर येऊन गेले, औषध चालू आहे, ताप उतरणीला लागलाय, सणापर्यंत घोड्यासारखा होईन. पण घसा पार बसलाय. नुसती हवा येते. म्हणून पत्र. हे पत्र दामियान बसस्टँडवर नेऊन देणार आहे. त्याने लस घेतली. (त्या देखण्या मुलीने पुन्हा फोटो टाकला होता.) तो तुझ्या पद्धतीने मोजे भिजवून माझ्या पायांत घालतो. ऊब छान येते. खोलीला आपल्या स्वयंपाकघराचा वास येतो, आणि मग मला रडू येतं. तुझे मोजे फार गुणी आहेत, आत्या. फक्त फ्लूचं काम त्यांच्याने होत नाही.

ता.क. चौथा, आणि शेवटचा. हे काही दिवस संध्याकाळी तुझ्याकडे फोन वाजतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही, तो मी. भूत नाही, चोर नाही. शेजारच्यांना काही सांगू नकोस. आवाज नाही म्हणून बोलता येत नव्हतं, पण तुझा ऐकावासा वाटत होता. तू 'कोण आहे, कोण आहे' म्हणून ओरडतेस, आणि मी बिलाचा विचार न करता ऐकत बसतो. काल तू लगेच ठेवला नाहीस. कान लावून ऐकलंस. मग हळू आवाजात म्हणालीस, 'कोण आहेस ते राहू दे. पण मागे वारा ऐकू येतोय मला. ऊठ, ती खिडकी लाव.'

मी उठलो, आत्या, आणि लावली. मी तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक.